पिवळं पाकीट आणि एआय

अध्यक्षमहोदय, व्यापारी मंडळाचे सगळे सभासद आणि मागे पंख्याखालच्या खुर्च्या धरून बसलेली हुशार मंडळी, नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय 'एआयच्या काळात ब्रँड: तीन विचार'. तिन्ही सांगणार आहे, पण आधी मला एका पाकिटाबद्दल बोलायचंय, घरात आता कोणी ऐकून घेत नाही म्हणून इथे बोलतो.

माझ्या वहिनीचं म्हापशाला मसाल्याचं दुकान आहे. शागोतीचा मसाला, रेशादचा मसाला, सुकी मिरची, मोसमात काजू. पाकीट पिवळंधमक, वर लाल पट्टी आणि मधोमध आदोळीचं, म्हणजे विळीचं चित्र. ते चित्र आमच्या बाबांनी स्वतः काढलेलं, आदोळी थोडी बदकासारखी दिसते, मान्य. पण वर्षानुवर्षं तेच पाकीट.

मग पणजीहून एक एजन्सीवाला आला. नाव घेत नाही, हॉलमध्ये त्याचे काका बसलेले असायचे. तो म्हणाला काकू, लुक जुना झालाय, प्रीमियम करूया. आणि एका संध्याकाळी दुकानातच लॅपटॉप उघडून त्याने एआयकडून लोगो, पाकीट, चतुर्थीपासून नाताळापर्यंतच्या सगळ्या पोस्ट काढून दाखवल्या, स्पीड असा की मी पण खुर्ची पुढे ओढून बघत बसलो. नवीन पाकीट राखाडी, अक्षरं बारीक, आदोळीच्या जागी एक पान. कसलं पान विचारलं तर त्याला माहीत नाही, एआयला पण माहीत नसणार. खाली ओळ होती, 'गोव्याच्या आत्म्याची चव चाखा'. वहिनी म्हणाली, अरे हा मसाला आहे की बाराव्याचं जेवण? तरी छापलं. मुलांना आवडलं होतं.

पुढे मे महिन्यातला शुक्रवार, बाजार भरलेला, पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीच्या खरेदीची गर्दी. शिवोलीची एक म्हातारी, दर वर्षी येणारी, नव्या पाकिटांच्या अगदी समोर उभी राहून विचारते, "गे बाय, तें हळदुवें पाकीट सोंपलें?" वहिनीने नवीन पाकीट तिच्या हातात दिलं, म्हणाली मसाला तोच आहे. म्हातारीने उलटंसुलटं केलं, वास घेतला, परत ठेवलं. "हें न्हय." आणि चालायला लागली. त्या बाईने आयुष्यात दुकानाचं नाव वाचलेलं नाही हो! तिच्यासाठी ब्रँड म्हणजे तो पिवळा रंग, आणि तो आपण दीड दिवसाच्या गणपतीसारखा पोचवून आलो.

खरी गंमत पुढे आहे. पुढच्या मोसमात चार दुकानं सोडून एकाने पाकीट काढलं, पिवळं, लाल पट्टीचं. फक्त बदक नव्हतं. वहिनीने जुनं पाकीट परत छापून घेतलं, पण आता बाजारात पिवळे दोन.

सेक्रेटरींची चिठ्ठी आली, दहा मिनिटं राहिली म्हणे. आभारप्रदर्शनाला किती ठेवलीत? बरं, पळतो.

पहिला विचार, प्रत्येक गिऱ्हाइकाला वेगळी जाहिरात. मार्केटिंगचे गुरू फिलिप कोटलर यांनी आपल्याला शिकवलं की बाजाराचे गट पाडा, त्यातला आपला निवडा. एआयवाले म्हणतात गट कशाला, माणूस-माणूस वेगळा धरा. उदाहरण सगळ्यांनी बघितलंय, २०२१ च्या दिवाळीत कॅडबरीने एआयने शाहरुखचा चेहरा-आवाज बनवला आणि तो कोपऱ्यावरच्या दुकानांची नावं घेऊन तिथे खरेदी करा म्हणायला लागला. भारी काम, वाद नाही. पण आज तुम्हाला त्यातलं एक तरी दुकान आठवतं का? आठवतो शाहरुख, आठवते कॅडबरी. हजार रूपं परवडतात कोणाला, ज्याचं एक रूप आधीच लोकांच्या डोक्यात आहे त्याला. कोकाकोलाने २०२४ च्या नाताळात १९९५ ची ट्रकवाली जाहिरात एआयने पुन्हा केली, लोकांनी भरपूर शिव्या घातल्या, पण कोणाची जाहिरात असं कोणी विचारलं नाही. लाल ट्रक म्हटला की कळतं.

दुसरा विचार ऑस्ट्रेलियाचे प्रोफेसर बायरन शार्प यांचा. ते म्हणतात ब्रँड वाढतो तो कधीतरी घेणाऱ्या पुष्कळ लोकांमुळे, म्हणून त्यांना चटकन आठवा आणि सहज मिळा, रंग-आकार-आवाज बदलत बसू नका. त्याला जोडून ब्रिटनचे जाहिरात-अभ्यासक बिने आणि फील्ड, त्यांचा हिशेब असा की साधारण साठ टक्के पैसे नाव रुजवण्यावर, चाळीस लगेचच्या विक्रीवर. आपल्याकडे शंभरच्या शंभर टक्के इन्स्टाच्या 'आजच ऑर्डर करा'वर जातात, आणि एआयमुळे ते इतकं स्वस्त झालंय की सगळेच करतात, सगळ्यांची पोस्ट सारखीच दिसते. मी शार्प यांच्या पार्टीतला आहे, लपवत नाही.

तिसरा विचार सगळ्यात नवा, गिऱ्हाईक आता मशीन आहे. टुरिस्ट गुगलवर दहा लिंका उघडत नाही, चॅटजीपीटीला विचारतो, गोव्यात चांगला काजू कुठे, आणि ते तीन-चार नावं देतं. म्हणून मशीनसाठी लिहा म्हणतात. लिहा की, पत्ता, वेळ, भाव सगळीकडे एकसारखे ठेवा, निम्म्या दुकानांचा मॅपवरचा फोन नंबर बंद आहे. पण मशीन वाचतं काय? लोकांनी जे लिहून ठेवलंय तेच. लोकांना आठवलात तर ते लिहिणार. आणि जो नाव घेऊनच विचारतो, त्याला मशीन दुसरं दुकान सुचवेल फारतर, पण तुमचं लपवणार नाही.

वाजवली का बेल? शेवटचं. फेणीला २००९ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकनाचा टॅग मिळाला, काजूला २०२३ मध्ये. म्हणजे 'गोवा' हाच आपल्या सगळ्यांचा मिळून ब्रँड. आणि आपल्याच बाजारात आफ्रिकेचा काजू गोव्याच्या नावाने पाकिटात भरला जातो, वेबसाइटवर पण तसंच लिहितात, मग मशीनला फरक कळणार कुठून? मंडळाने हे आधी बघावं. प्रश्न घेतो, फक्त चॅटजीपीटीत आपलं नाव पहिलं कसं आणायचं हा सोडून, त्याचे पैसे एजन्सीवाले घेतात.