अल्टेअर, बेसिक आणि कागदी पट्टी

मित्रहो, जानेवारी १९७५ च्या 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स'च्या मुखपृष्ठावर अल्टेअर ८८०० हा कॉम्प्युटर झळकला. सुट्या भागांचा संच ३९७ डॉलरना, पोस्टाने घरपोच, सोल्डरिंग आपलं आपण करायचं. बनवणारी कंपनी मिट्स, गाव न्यू मेक्सिकोतलं अल्बुकर्की, मालक एड रॉबर्ट्स. ऑर्डरी इतक्या आल्या की कंपनीला पुरवठा जमेना. स्वतःचा कॉम्प्युटर घरात असावा यासाठी लोक किती आतुर होते, ते तेव्हा कळलं. पण मला बोलायचंय ते त्याच्या पुढच्या प्रश्नाबद्दल. जोडलेला अल्टेअर टेबलावर आला, आता त्याच्याशी बोलायचं कसं?

कीबोर्ड नाही, पडदा नाही. समोर खटक्यांची रांग आणि लाल दिवे. मेमरी २५६ बाइट, म्हणजे साधारण तितकीच इंग्रजी अक्षरं. मी आत्ता बोललो त्यातल्या दोन-तीन वाक्यांतच ती भरून जाईल. मेमरीतली एक संख्या प्रोसेसरच्या हाताशी आणायची, एवढंच काम समजा. अल्टेअरच्या प्रोसेसरला, इंटेल ८०८० ला, त्यासाठी द्यायचा हुकूम ऑक्टलमध्ये, म्हणजे ० ते ७ एवढेच आकडे वापरणाऱ्या पद्धतीत, ०७२. म्हणजे आठ खटके, डावीकडून: दोन खाली, तीन वर, एक खाली, एक वर, एक खाली. मग 'डिपॉझिट'. मग ती संख्या कुठे आहे त्या पत्त्याचा अर्धा भाग, पुन्हा आठ खटके, 'डिपॉझिट नेक्स्ट'. मग उरलेला अर्धा. तीन बाइट झाले आणि बेरजेला अजून हातही लागलेला नाही. एखादा खटका चुकला तर यंत्र बोलत नाही, आणि वीज गेली की सगळं पहिल्यापासून.

बेसिक या प्रोग्रॅमिंगच्या भाषेसाठी माणसं का आसुसली होती, याचं उत्तर या खटक्यांत आहे. ही भाषा १९६४ मध्ये डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ यांनी तयार केली, तीच मुळी विज्ञानशाखेबाहेरच्या विद्यार्थ्यांनाही कॉम्प्युटर वापरता यावा म्हणून. ओळीला क्रमांक द्या, 'लेट', 'प्रिंट', 'इफ' लिहा, 'रन' म्हणा. अमेरिकेतल्या कितीतरी शाळांमध्ये टेलिटाइपवर, म्हणजे कीबोर्ड असलेल्या छपाई यंत्रावर, मुलं ही भाषा शिकून गेली होती. म्हणजे अल्टेअर आला तेव्हा मागणी तयारच होती. अडचण एकच: बेसिकला हजारो बाइट लागत, यंत्रात होते २५६.

ती भाषा चार हजार बाइटमध्ये बसवली बिल गेट्स आणि पॉल ॲलन यांनी. त्यांच्याजवळ अल्टेअर नव्हता. हार्वर्डच्या पीडीपी-१० या मोठ्या कॉम्प्युटरवर ॲलननी ८०८० ची नक्कल करणारा प्रोग्रॅम लिहिला आणि त्यावर बेसिक तपासली. अपूर्णांकांचं गणित माँटी डेव्हिडॉफचं. मार्च १९७५ मध्ये ॲलन ती बेसिक भोकांच्या रूपात उतरवलेली कागदी पट्टी घेऊन अल्बुकर्कीला निघाले. पट्टी आत घेणारा छोटा लोडर लिहायचा राहिला होता, तो त्यांनी विमानात लिहिला. खऱ्या यंत्रावर पहिल्यांदाच चालवलेल्या त्या बेसिकला त्यांनी दोन अधिक दोन विचारलं, आणि टेलिटाइपने चार छापले. प्रोग्रॅमिंगच्या इतिहासात मला याहून धीट काम फारसं दिसत नाही.

यापुढचा भाग सहसा घाईत सांगितला जातो, म्हणून मी जरा थांबतो. गेट्स-ॲलन यांच्या बेसिकची आठ हजार बाइटची मोठी आवृत्ती मिट्सने विकायला काढली: नुसती घेतली तर ५०० डॉलरना, आणि अल्टेअरसोबत जादा मेमरीचा बोर्ड व जोडणीचा बोर्ड घेणाऱ्याला ७५ ला. आता मिट्सचे डायनॅमिक मेमरी बोर्ड धड चालत नसत. जाणकार गिऱ्हाईक दुसरीकडून चांगले बोर्ड घेई, आणि मग भाषेसाठी त्याला अख्ख्या संचाहून जास्त पैसे मोजावे लागत. १९७५ च्या उन्हाळ्यात पालो आल्टोतल्या मिट्सच्या प्रदर्शनातून एक पट्टी गेली. होमब्रू कॉम्प्युटर क्लब या हौशी मंडळींच्या क्लबमध्ये तिच्या प्रती निघाल्या, वाटल्या गेल्या. ३ फेब्रुवारी १९७६ ला गेट्सनी हौशी मंडळींना जाहीर पत्र लिहिलं: अल्टेअरवाल्यांपैकी दहा टक्क्यांहून कमी जणांनी बेसिक विकत घेतली, आमच्या कष्टांना तासाला दोन डॉलरही पडले नाहीत. त्यांचा संताप रास्त होता. महिनोन्महिने खपून केलेल्या कामाचे पैसे मागण्यात गैर काही नाही. पण ज्यांना भाषा हवी होती त्यांना नको असलेला बोर्ड गळ्यात मारला जात होता, हेही तितकंच खरं. माझ्या मते प्रती निघाल्या त्या स्वभावदोषापेक्षा या किमतीमुळे.

आणि त्या पत्राच्या आधीच दुसरी वाट सुरू झाली होती. 'पीपल्स कॉम्प्युटर कंपनी' या वार्तापत्रात डेनिस ॲलिसननी वाचकांना सुचवलं की आपली बेसिक आपणच लिहू. आराखडा अगदी काटकसरीचा: फक्त पूर्णांक, ए ते झेड अशी सव्वीस चलं, मोजके हुकूम. टेक्सासातल्या टायलर गावच्या डिक व्हिपल आणि जॉन अर्नोल्ड यांनी ती लिहिली आणि सगळा कोड छापायला दिला. टॉम पिटमननी मोटोरोला ६८०० या दुसऱ्या प्रोसेसरसाठीची आपली आवृत्ती पाच डॉलरना विकली. पाच डॉलरच्या वस्तूची प्रत काढत बसायचे कष्ट कोण घेणार? ली-चेन वाँग यांनी 'पालो आल्टो टायनी बेसिक' लिहिली आणि नेहमीच्या कॉपीराइटच्या जागी 'कॉपीलेफ्ट' छापलं, म्हणजे प्रती खुशाल काढा. ॲपल-१ साठी स्टीव्ह वॉझ्नियाकनीही हाताने कोड उतरवत स्वतःची बेसिक केली.

१९७७ मध्ये ॲपल-२, कमोडोर पेट आणि रेडिओ शॅकचा टीआरएस-८० बाजारात आले ते रॉममध्ये, म्हणजे वीज गेली तरी न पुसणाऱ्या मेमरीत, बेसिक घेऊनच. भाषेची किंमत यंत्राच्या किमतीत मिसळली आणि पट्टीचा झगडा तिथे उरला नाही. गेट्स-ॲलन यांच्या मायक्रोसॉफ्टने आपलं गिऱ्हाईक बदललं. हौशी माणसाऐवजी कारखानदाराला भाषा विकायला घेतली. आपल्याकडे १९८४ नंतर 'क्लास' या सरकारी कॉम्प्युटर-शिक्षण योजनेतून शाळांमध्ये बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश कॉम्प्युटर आले, त्यांतही बेसिक रॉममध्येच होती.

टीआरएस-८० चं उदाहरण मात्र लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्याची 'लेव्हल १' बेसिक वाँगच्या फुकट वाटलेल्या टायनी बेसिकवरून घडवलेली, आणि पुढची 'लेव्हल २' मायक्रोसॉफ्टकडून घेतलेली.