गोरे बेटावरचा खासदार

श्रोतेहो, नमस्कार.

पश्चिम आफ्रिकेत, तेव्हा फ्रान्सची वसाहत असलेल्या सेनेगलमध्ये, डाकार शहरासमोर गोरे नावाचं एक चिमुकलं बेट आहे. १८७२ साली तिथल्या एका स्वयंपाक्याच्या घरी ब्लेझ द्यान्य यांचा जन्म झाला. मोठेपणी ते फ्रेंच वसाहतींच्या जकात खात्यात लागले, पण वरिष्ठांशी त्यांचं कधी पटलं नाही. दाहोमे, काँगो, मादागास्कर, बदलीवर बदली.

सेनेगलच्या चार शहरांना पॅरिसच्या संसदेत एक खासदार पाठवता येई. मतं आफ्रिकी रहिवासीही देत, निवडून मात्र युरोपीय किंवा मिश्र वंशाचेच येत. मे १९१४ मध्ये द्यान्य निवडून आले आणि तिथं बसणारे पहिले कृष्णवर्णीय आफ्रिकी ठरले. लगेच महायुद्ध पेटलं. त्यांची भूमिका सरळ होती: आम्ही लढू, पण नागरिक म्हणून. १९१६ च्या कायद्यानं चार शहरांच्या मूळ रहिवाशांना आणि त्यांच्या वंशजांना फ्रेंच नागरिकत्व मिळालं.

या कागदाची किंमत डाकारच्या वेशीवर कळते. वेशीच्या आतला माणूस न्यायालयात उभा राहून दाद मागू शकत होता. बाहेरच्या खेडुताला साहेब खटला न चालवता तुरुंगात टाकू शकत होता.

१९१८ साली फ्रान्सचे पंतप्रधान क्लेमांसो यांनी सैन्यभरतीसाठी द्यान्य यांनाच पाठवलं. या भरतीला विरोध असलेल्या तिथल्या फ्रेंच गव्हर्नर जनरलनं राजीनामा दिला, तो पुन्हा आघाडीवर गेला आणि तिथंच मारला गेला. द्यान्य यांनी साठ हजारांहून अधिक तरुण मिळवले. दवाखाने, नोकऱ्या, नागरिकत्व अशी आश्वासनं दिली गेली. बहुतेक हवेतच विरली.

त्याच सुमारास आपल्याकडे लोकमान्य टिळक म्हणत होते, लष्करात अधिकारपदं देणार असाल तर भरतीला मदत करू. आधी हक्क, मग माणसं. द्यान्य यांनीही आधी हक्कच मिळवला होता, पण तो चार शहरांपुरता. रणांगणावर गेली ती मुख्यतः वेशीबाहेरची, मताचा अधिकार नसलेली पोरं. मला हे फार लागतं. पुढं १९३० साली जिनिव्हातल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेत वसाहतींमधल्या वेठबिगारीच्या प्रश्नावर त्यांनी फ्रान्सची बाजू घेतली, तेही मनातून जात नाही. तरीही १९३४ मध्ये मृत्यू आला तेव्हा डाकारचे महापौर तेच होते.

वेशीबाहेरच्यांना नागरिकत्व मिळालं १९४६ साली. तो कायदा सेनेगलचेच खासदार लामिन गे यांच्या नावानं ओळखला जातो. १९१८ साली वीस वर्षांचा असलेला शिपाई, जगला असेल तर, तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचा झाला होता.

नमस्कार.