कोरडा डोळा: थेंब लिहून देण्यापूर्वी

(इंदूर येथे मराठी भाषक डॉक्टर आणि नागरिक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, होळी उलटली आणि माळव्यातले कोरडे, तापलेले वारे वाहू लागले की डोळे चुरचुरण्याच्या तक्रारी वाढतात. घरोघरी कूलर सुरू होतात आणि त्याचा झोत रात्रभर चेहऱ्यावर येत राहतो. अशा वेळी औषधाच्या दुकानातून कृत्रिम अश्रूंची बाटली आणणे सोपे असते आणि तिने थोडा वेळ बरेही वाटते. मात्र ‘ड्राय आय’ या एकाच नावाखाली निरनिराळ्या कारणांचे विकार राहतात, आणि त्यांतला नेमका कोणता आपल्यासमोर आहे हे न ठरवता दिलेले थेंब अनेकांना वर्षानुवर्षे अर्धवट आरामात ठेवतात. हे निदान नेहमीच्या दवाखान्यात, महागड्या यंत्रांवाचूनही बऱ्याच अंशी करता येते, म्हणून मी आज त्याविषयीच बोलणार आहे.

बुबुळावरचा अश्रूंचा थर जेमतेम काही मायक्रोमीटर जाडीचा असतो. त्यातले पाणी मुख्यतः अश्रुग्रंथींतून येते, ते पृष्ठभागावर धरून ठेवणारे म्युसिन नेत्रश्लेष्मलेतल्या (डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या पातळ आवरणातल्या) पेशी तयार करतात आणि बाष्पीभवन रोखणारा तेलकट थर पापण्यांच्या कडेला असलेल्या मायबोमियन ग्रंथी पुरवतात. यांपैकी काहीही बिघडले की थर अस्थिर होतो, अश्रूंतील क्षारांचे प्रमाण वाढते, दाह सुरू होतो आणि तो दाह थराला आणखी अस्थिर करतो. टिअर फिल्म अँड ऑक्युलर सरफेस सोसायटी या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञसंस्थेच्या २०१७ च्या अहवालाने या विकाराच्या व्याख्येत अश्रुथराचा बिघडलेला समतोल मध्यवर्ती मानला आणि मज्जातंतूंच्या संवेदनेतील दोषही त्यात घेतला. पाणी कमी पडणे आणि पाणी लवकर उडून जाणे असे दोन मुख्य प्रकार मानले जातात. दुसरा अधिक आढळतो, पण पुष्कळ रुग्णांमध्ये दोन्ही एकत्र असतात.

तपासणीची सुरुवात प्रश्नांनी होते, आणि माझ्या मते अर्धे निदान तिथेच होते. त्रास सकाळी उठताच जास्त असतो की संध्याकाळी? झोपेत पापण्या पूर्ण मिटत नसतील किंवा पापण्यांच्या कडा सुजलेल्या असतील, तर बहुधा सकाळी उठल्यावरच डोळे खुपतात. पाणी कमी पडणाऱ्याचा त्रास दिवस चढेल तसा वाढत जातो. सराफ्यातला कारागीर तासन्तास बारीक नक्षीवर नजर खिळवून बसतो, भंवरकुआँच्या भागातला स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी रात्री उशिरापर्यंत पडद्यासमोर असतो. दोघांचीही पापण्यांची उघडझाप कमी आणि अपुरी होते, आणि तेवढ्यानेही अश्रू लवकर उडतात. ‘माझ्या डोळ्यांतून तर सारखे पाणी गळते, मग ते कोरडे कसे?’ असे रुग्ण विचारतात. चुरचुरणाऱ्या पृष्ठभागामुळे प्रतिक्षिप्त अश्रू येतात, पण ते थर टिकवू शकत नाहीत, हे त्यांना शांतपणे समजावून सांगावे लागते. खाज मात्र प्रमुख असेल तर आधी ॲलर्जीचा विचार करावा.

औषधांची यादी विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. सर्दीच्या व ॲलर्जीच्या गोळ्या, नैराश्यावरची काही औषधे आणि मुरुमांसाठी दिले जाणारे आयसोट्रेटिनॉइन यांनी डोळे कोरडे होतात, तर काचबिंदूच्या थेंबांतील बेंझाल्कोनियम क्लोराइड हे परिरक्षक पृष्ठभागाला इजा करते. तोंड कोरडे पडते का, सांधे दुखतात का, हेही विचारावे. घास गिळायला घोटभर पाणी लागते असे मध्यमवयीन स्त्री सांगते, तेव्हा श्योग्रेनच्या आजाराची, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अश्रू व लाळ ग्रंथींवर उलटते त्या विकाराची, शंका घ्यायलाच हवी.

चाचण्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. डोळ्याला स्पर्श करणारी गोष्ट शेवटी करावी, कारण एका चाचणीने पुढचीचे उत्तर बदलते. आधी स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळे तपासण्याच्या प्रकाशयुक्त सूक्ष्मदर्शकाखाली, खालच्या पापणीच्या काठाशी साठलेल्या अश्रूंची रेघ पाहावी. ती साधारण ०.२ मिलिमीटरहून कमी उंच असेल तर पाण्याची कमतरता संभवते. मग फ्लुओरेसीन या चमकणाऱ्या रंगाची पट्टी सलाइनने किंचित ओली करून खालच्या पापणीला टेकवावी, रुग्णाला काही वेळा पापण्या मिटवायला सांगून नंतर डोळे उघडे ठेवायला सांगावे आणि कोबाल्ट निळ्या प्रकाशात पहिला काळा डाग दिसेपर्यंतचे सेकंद मोजावेत. दहा सेकंदांहून कमी वेळ असेल तर थर अस्थिर आहे. मात्र केवळ आकडा लिहून थांबू नये, डाग कुठे आणि कसा उमटतो हेही पाहावे. एशिया ड्राय आय सोसायटीने या आकृत्यांवर भर दिला आहे: डोळा उघडताच गोल डाग दिसला तर पृष्ठभाग ओला होण्यात दोष, खालच्या भागात उभ्या रेषा दिसल्या तर पाण्याची कमतरता, आणि काही वेळाने कुठेही, वेडेवाकडे डाग पडले तर बाष्पीभवन अशी दिशा मिळते.

त्याच रंगाने कॉर्नियावर, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पटलावर, कुठे ठिपके दिसतात हेही बोलके असते. खालच्या एक-तृतीयांश भागात ठिपके असले तर झोपेत डोळा उघडा राहतो का हे बघावे, आणि वरच्या भागात असले तर वरची पापणी उलटून तपासावी. नेत्रश्लेष्मलेची हानी लिसामाइन ग्रीन या हिरव्या रंगाने अधिक स्पष्ट दिसते.

यानंतर पापण्यांच्या कडेवर हलका दाब द्यावा. निरोगी ग्रंथीतून वितळलेल्या तुपासारखे स्वच्छ तेल येते आणि बिघडलेल्या ग्रंथीतून थिजलेल्या तुपासारखा घट्ट, गढूळ पदार्थ येतो किंवा काहीच येत नाही. हा दाब द्यायला एक मिनिटही लागत नाही, तरी तो राहून जातो, याची मला खंत वाटते. पापण्यांच्या केसांच्या मुळाशी नळीसारखा चिकट कोंडा असेल तर डेमोडेक्स या सूक्ष्म किड्याचा प्रादुर्भाव असतो.

अश्रूंचे प्रमाण मोजणारी शर्मर चाचणी १९०३ पासून चालत आली आहे. शोषक कागदाची पाच मिलिमीटर रुंदीची पट्टी खालच्या पापणीत अडकवून पाच मिनिटे ठेवावी, पंखा बंद करावा, आणि पाच मिलिमीटर किंवा त्याहून कमी भाग ओला झाला तर पाण्याची कमतरता गंभीर समजावी. मात्र ही चाचणी दिवसागणिक बदलते, म्हणून एकट्या पट्टीवर निदान उभे करू नये. उत्तर कमी आले आणि तोंडही कोरडे असेल तर श्योग्रेनसाठी ‘रो’ नावाच्या प्रतिपिंडांची रक्तचाचणी करून संधिवाततज्ज्ञांकडे पाठवावे, कारण हा आजार फुफ्फुसे आणि मूत्रपिंडांपर्यंत पोहोचू शकतो.

काही रुग्णांचे डोळे तपासणीत जवळजवळ निर्दोष दिसतात आणि वेदना मात्र तीव्र असतात. त्यांना ‘काहीच नाही’ म्हणून परत पाठवणे अन्यायकारक आहे. भूल देणारा थेंब टाकूनही वेदना तशीच राहिली, तर ती मज्जातंतूंची, आणि बहुधा केंद्रीय स्वरूपाची, म्हणजे डोळ्यापलीकडे मेंदूच्या पातळीवरची, असण्याची शक्यता असते. तिचे उपचार वेगळे असतात. याउलट ठिपके पुष्कळ आणि तक्रार नाही, असे दिसले तर भूल न देता कापसाच्या तंतूने कॉर्नियाची संवेदना तपासावी. मधुमेहात किंवा नागीण विषाणूच्या संसर्गानंतर ती कमी झालेली असू शकते, आणि अशा डोळ्यात जखम नकळत वाढते.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी हे सारे तपासणे विशेष गरजेचे आहे. अश्रुथर अस्थिर असेल तर कॉर्नियाच्या वक्रतेचे मोजमाप चुकते, त्यावर ठरणारी कृत्रिम भिंगाची शक्तीही चुकू शकते. म्हणून आधी काही आठवडे पापण्या आणि अश्रुथर यांवर उपचार करून मापे पुन्हा घ्यावीत, आणि दोन वेळची मापे जुळली तरच शस्त्रक्रियेची तारीख द्यावी.