तीन होड्या, तीन भाव

(दृश्य: हर्णै, उतरती दुपार. पाण्यात बैलगाड्या, मागे सुवर्णदुर्ग.)

बैलगाडी थेट पाण्यात जाऊन होडीला लागते. टोपल्या वाळूवर रिकाम्या होतात. सुरमई एकीकडे, पापलेट दुसरीकडे, बांगड्याचा ढीग तिसरीकडे.

(स्क्रीन: पायथन, नमपाय.)

ही मासळी आणि तिचे पैसे नमपायमध्ये मांडू, म्हणजे पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या आकडेमोडीच्या लायब्ररीत. तक्त्याचं नाव वजन. आडवी ओळ म्हणजे होडी, उभा कॉलम म्हणजे मासळी: सुरमई, पापलेट, बांगडा. आकडे नमुन्याचे, किलोत. इथे बोली किलोवर लागतेच असं नाही, पण हिशोबाला बरं. पहिली ओळ १२, ५, ८०. दुसरी ०, ९, १४०. तिसरी २०, ४, ६०. दुसऱ्या होडीला सुरमई लागली नाही, तरी शून्य लिहायचंच. जागा गाळली की ओळ आखूड पडते आणि आताचं नमपाय ॲरे, म्हणजे आकड्यांची मांडणी, बनवतच नाही.

भाव त्याच क्रमाने, किलोला रुपयांत: ६००, ९००, १५०. ओळीतला प्रत्येक आकडा आपापल्या भावाने गुणायचा आणि बेरीज करायची, हा मॅट्रिक्सचा गुणाकार. त्याचं चिन्ह @, पायथनमध्ये २०१५ साली ३.५ आवृत्तीत आलेलं. वजन @ भाव. पहिली होडी: ७,२०० अधिक ४,५०० अधिक १२,०००, म्हणजे २३,७००. दुसरी २९,१००, तिसरी २४,६००. @ ऐवजी * टाकलं तर बेरीज होत नाही, नऊ आकड्यांचा तक्ता हातात येतो. ही चूक निदान डोळ्याला दिसते.

(स्क्रीन जवळून: भाव @ वजन.)

आता उलटं लिहू. एरर नाही. उत्तर: १०,२००, ११,७००, १,८३,०००. तिसरी होडी एकदम लखपती! झालं असं, की सुरमईचा भाव पहिल्या होडीच्या सगळ्या मासळीला लागला, पापलेटचा दुसरीच्या, बांगड्याचा तिसरीच्या. होड्याही तीन आणि भावही तीन, म्हणून आकार जुळला. चौथी होडी असती तर इथेच अडलं असतं. चौरस मॅट्रिक्समध्ये, म्हणजे ओळी आणि कॉलम सारखेच असले की, नुसता शेप (आकार) बघून भागत नाही. एक ओळ हाताने गुणून बघावीच लागते.

(दृश्य: तराजूचा काटा.)

आणखी एक. सगळे आकडे पूर्णांक दिले की ॲरेही पूर्णांकांचा होतो. मग त्यात सुरमई १२.५ लिहा, आत १२ च पडतं. अर्धा किलो गेला, सूचना नाही. सुरुवातीलाच १२.० लिहिलं की ॲरे दशांशाचा होतो.

चुकलेला आकडा खलाशांच्या वाट्यात उतरतो.

(दृश्य: वाळूवर बसलेले खलाशी, नोटा मोजणारे हात. निवेदन नाही. लाटांचा आवाज तसाच ठेवावा.)