चप्पल सुटलेलं बाळ

श्रोतेहो, नमस्कार. ख्रिस्ती धर्मचित्रांतल्या खुणा हा आजचा विषय. लिली म्हणजे पावित्र्य, किल्ल्या म्हणजे संत पीटर, कोकरू म्हणजे येशू. युरोपातल्या जुन्या चित्रांत येशूची आई मरिया हिचा निळा झगा अफगाणिस्तानच्या लाजवर्द दगडातून आलेल्या रंगाचा. तो रंग फार महाग, म्हणून तो तिच्यासाठी राखलेला. पण मला बोलायचंय ते एका चपलेबद्दल.

बेळगावात कॅम्पात आमच्या शेजारी कोकणी बोलणाऱ्या एक मावशी राहायच्या. नाताळात त्यांच्याकडून कुलकुल यायचे, दिवाळीत आमच्या करंज्या जायच्या. एकदा करंज्यांचा डबा घेऊन आजीबरोबर मीही गेलो. भिंतीवर मरियेची तसबीर. मागं सगळं सोनेरी, हातांवर बाळ. आजीनं जवळ जाऊन चष्मा सावरला.

"अगं बाई, पोराची चप्पल सुटली की!"

खरंच, एका पायातली चप्पल पट्ट्याला लोंबत होती. मावशींनी वरच्या दोन कोपऱ्यांकडं बोट दाखवलं. तिथं दोन देवदूत. एकाकडं भाला आणि काठीला लावलेला स्पंज, दुसऱ्याकडं क्रूस आणि खिळे, म्हणजे येशूला क्रूसावर चढवलं तेव्हाच्या वस्तू. आपल्या वाट्याला पुढं काय येणार ते बाळाला दिसलं, ते भ्यालं आणि आईकडं धावलं. धावताना चप्पल सुटली. म्हणजे चप्पल आणि क्रूस, श्रोतेहो, दोन्ही एकत्र बघायचं.

आजी बघतच राहिली. मग म्हणाली, "बाळ तिकडं बघतंय. मग ही त्याला सोडून आपल्याकडं का बघतीया?"

मावशी म्हणाल्या, "तुम्हालाही भीती वाटते काय, विचारते ती."

मूळ चित्र रोममध्ये, संत अल्फोन्स यांच्या चर्चमध्ये, १८६६ पासून. मरियेला साडी नेसवणारे आपल्याकडचे चित्रकारही झाले. गोव्याचे अँजेलो दा फोन्सेका (१९०२–१९६७) पुण्यात राहून तशी चित्रं काढायचे.

माझं एक ठाम मत आहे. तसबीर कुठल्याही देवाची असो, छताजवळ टांगू नये. पोरांच्या डोळ्यांसमोर यावी. उंचावरच्या तसबिरीतलं बारीक काही दिसत नाही, नुसती काच चमकते.

त्या दिवसानंतर मी रडत घरी आलो की आजी आधी माझ्या पायांकडं बघायची.