छापलेला दिवस आणि दिसलेला दिवस : मराठवाड्यातलं जुनं दूरदर्शन

मित्रहो, जुन्या दूरदर्शनचा विषय निघाला की मालिकांची नावं लगेच ओठावर येतात. आज मला एका अख्ख्या दिवसाबद्दल बोलायचं आहे, आणि तोही मराठवाड्यात दिसलेल्या दिवसाबद्दल. तुमच्यातले जे आपल्या गावाचा अलीकडचा इतिहास लिहिताहेत, त्यांनी एक गोष्ट मनाशी पक्की धरावी. पेपरात छापलेला दिवस, केंद्रावरून सुटलेला दिवस आणि औशाच्या किंवा गेवराईच्या पलीकडच्या वाडीत दिसलेला दिवस हे तीन वेगळे दिवस आहेत. आठवणी लिहिताना यांची गल्लत फार होते.

मुंबई केंद्र 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या प्रक्षेपकामुळे ते पुण्याला दिसू लागलं. आपल्याकडे चित्र पोचलं ते आकाशातून. 30 ऑगस्ट 1983 ला इन्सॅट-1बी हा उपग्रह सुटला आणि 1984 पासून देशभर लघुशक्ती प्रक्षेपकांचा धडाका लागला. शक्ती 100 वॅट, पल्ला साधारण 15 ते 25 किलोमीटर. हे प्रक्षेपक उपग्रहावरून दिल्लीचे कार्यक्रम उचलत आणि तेच पुढे पाठवत. म्हणजे चित्रपटगीतांचा दिल्लीचा बुधवारचा ‘चित्रहार’ दिसायचा, पण तसंच मुंबईचं गुरुवारचं ‘छायागीत’ नाही. ‘आमची माती आमची माणसं’ हा शेतकऱ्यांसाठीचा मराठी कार्यक्रम होता, आणि ज्या कोरडवाहू ज्वारी-कापसाच्या मुलखाला त्याची गरज होती तिथे सुरुवातीला तोच पोचत नव्हता. आपला शेतकरी त्यासाठी आकाशवाणी परभणीवरच विसंबून राहिला. पुढे मुंबईचा मराठी भाग उपग्रहावरून येऊ लागला, म्हैसमाळ आणि अंबाजोगाईसारख्या उंचीवरच्या मनोऱ्यांमुळे पल्लाही वाढला. म्हणून कुणी ‘छायागीत’ची आठवण सांगितली, तर साल विचारा आणि अँटेना कुठल्या दिशेला होता तेही विचारा.

आता दिवसाची रचना. वाहिनी एकच, त्यामुळे कुणाला किती मिनिटं द्यायची याचा तक्ता आधी ठरलेला असे. त्याला ‘फिक्स्ड पॉइंट चार्ट’ म्हणत. शाळकरी मुलांच्या वेळेत पुण्याच्या बालचित्रवाणीचे मराठी कार्यक्रम. दुपारी 1 ते 2 विद्यापीठ अनुदान आयोगाची ‘कंट्रीवाइड क्लासरूम’, 15 ऑगस्ट 1984 पासून आणि मुख्यतः इंग्रजीत. संध्याकाळी प्रादेशिक भाग, आणि 8:40 ला हिंदी बातम्या लागल्या की सगळा देश एका चित्रावर. रविवारी सकाळी 9:30 ला ‘रामायण’ (25 जानेवारी 1987 ते 31 जुलै 1988), दुपारी दीडला मल्याळम, बंगाली, असमिया असा कुठला तरी प्रादेशिक चित्रपट, खाली इंग्रजी अक्षरं. दुसरं काही लावायची सोयच नसल्यामुळे जालन्यातलं घर आसामातलं घर दीड-दोन तास बघत बसे. ही सरमिसळ मला त्या दूरदर्शनचं सगळ्यांत मोठं काम वाटतं. प्रेक्षकाच्या आवडीवर सोडलं असतं तर ते झालं नसतं.

पण दिसायचं किती? ते छपरावर ठरत असे. मनोरा 100 मीटर आणि आपला पाइप 9 मीटर धरला, तर सपाट जमिनीवर सरळ रेषेचा पल्ला सुमारे 53 किलोमीटर येतो. बालाघाटाच्या डोंगराची एक सोंड आडवी आली की हिशेब कोलमडला. चॅनल 4 साठी अँटेन्याचा वायर जोडलेला मुख्य आडवा दांडा सुमारे 2.2 मीटर लागतो, चॅनल 7 साठी पाऊण मीटर. दुसऱ्याच चॅनलचा अँटेना स्वस्तात आणून चढवला की पडद्यावरच्या मुंग्या हटत नसत. आलेली लहर वाढवणारा बूस्टर अँटेन्याजवळ, वर लावायचा. खाली संचाजवळ लावला तर वायरीत कमजोर झालेलं चित्र आणि मुंग्या दोन्ही सारखेच वाढतात. चपटी 300 ओहमची वायर लोखंडी पाइपला घट्ट बांधली किंवा पावसात भिजली की चित्र फिकं पडे. वर एक जण पाइप फिरवतोय, खालून “आलं का रं?”, “आलं, आलं... गेलं!” हे चालायचं, त्यात निम्मा दोष वायरीच्या जोडाला चढलेल्या गंजाचा असे.

दुहेरी चित्राचं गणित तर फार सुंदर आहे. पडद्यावरची एक ओळ 64 मायक्रोसेकंदांची, त्यातले 52 प्रत्यक्ष चित्राचे. टेकडीवर आपटून येणारी लहर 1 किलोमीटर जास्त चालली तर तिला 3.3 मायक्रोसेकंद उशीर होतो. 20 इंची संचाची रुंदी साधारण 40 सेंटिमीटर. म्हणजे सावली उजवीकडे अडीच सेंटिमीटर सरकते. सावली मोजा, टेकडीचा अंदाज येतो. संध्याकाळी व्होल्टेज पडलं की चित्र चारही बाजूंनी आक्रसायचं. ते विजेचं दुखणं, अँटेना फिरवून जात नाही. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला भरदुपारी सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो. तेव्हा प्रक्षेपकालाच काही मिनिटं काही मिळत नाही, आणि गावोगावचे अँटेने विनाकारण फिरवले जात.

एखादा दिवस पुन्हा उभा करायचा असेल तर आधी तारीख आणि वार पंचांगाशी ताडून घ्या. मग त्या तारखेच्या दैनिकातला कार्यक्रमांचा रकाना उतरवा, पण त्याच्यासमोर दोन रकाने कोरे ठेवा : ‘प्रत्यक्ष प्रसारित’ आणि ‘इथे दिसलं’. नेत्याचं निधन, लांबलेला क्रिकेट सामना, ‘रुकावट के लिए खेद है’ची पाटी, या गोष्टी दुसऱ्या दिवशीच्या अंकात किंवा लोकांच्या बोलण्यात सापडतात.

सगळ्यांत मोलाचा पुरावा म्हणजे घरगुती व्हीएचएस कॅसेट. केंद्रांकडच्या टेपा महाग होत्या, त्यावर पुन्हापुन्हा ध्वनिचित्रण झालं, त्यामुळे पुष्कळ पुसलं गेलं. कॅसेट मिळाली की तिच्या पारदर्शक खिडकीतून आतली फीत बघा. फितीवर पांढरी बुरशी असेल तर यंत्रात घालू नका; ती यंत्रातल्या फीत वाचणाऱ्या हेडवर चढते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटलाही लागते. कॅसेटच्या कण्यावरची प्लास्टिकची छोटी पट्टी शाबूत असेल तर आधी ती मोडा, म्हणजे चुकून वर काही भरलं जाणार नाही. मग पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे एकदा गुंडाळून घ्या. वर्षानुवर्षं चिकटलेले वेढे मोकळे होतात. संगणकावर उतरवताना 720 बाय 576 पिक्सेल, सेकंदाला 25 फ्रेम, आणि मूळ प्रतीत इंटरलेस (एकाआड एक ओळींनी चित्र रचायची पद्धत) तसाच ठेवा. वरच्या कडेला चित्र वाकत असेल तर ओळींची वेळ सरळ करणारं टाइम बेस करेक्टर हे यंत्र मध्ये जोडा. संगणकावर नंतर ते धड सरळ होत नाही.

जाहिराती, निवेदिकेचं बोलणं, बातम्यांआधीचं घड्याळ, यातलं काहीही कापू नका. मालिकेचा भाग दुसरीकडे मिळू शकेल. घड्याळाचा काटा मात्र त्या संध्याकाळी कार्यक्रम किती मिनिटं उशिरा सुटला ते सांगतो. तो आकडा दुसऱ्या रकान्यात लिहा आणि शेजारी कॅसेट कुठल्या गावात भरली ते नोंदवा.