अमिगावर नाशिक ढोल: ऑडिओ एडिटिंगला कुठलं सॉफ्टवेअर घ्यायचं?

नमस्कार मंडळी, नाशिकहून. गणपती जवळ आले की कमेंटमध्ये तोच प्रश्न सुरू होतो, दादा अमिगावर (कमोडोरचा जुना कॉम्प्युटर) ढोलाचं सॅम्पल, म्हणजे छोटं रेकॉर्डिंग टाकायचंय, एडिटिंगला बेस्ट सॉफ्टवेअर कुठलं?

बेस्ट-बिस्ट काही नसतं ओ. आधी मशीन कुठलंय ते तरी सांगत जा. ए-500 मॉडेल आहे, किकस्टार्ट (मशीनमधली मूळ सिस्टीम) 1.3, रॅम 512 केबी, तर ऑडिओमास्टर घ्या, विषय संपला. गाणंच बनवायचंय तर प्रोट्रॅकर, त्यात सॅम्पल एडिटर आहेच. मिडी, म्हणजे बाहेरचा कीबोर्ड वगैरे जोडणार असाल तर ऑक्टामेड. ए-1200 आहे आणि वरून फास्ट रॅम पण टाकलीय, तर साउंडएफएक्स बघा, इफेक्ट भरपूर आहेत, पण साध्या ए-500 वाल्यांनी त्याच्या नादी लागू नका.

झालं. आता खरं दुखणं.

एक कमेंट फिरून फिरून येते, "प्रोट्रॅकर भंगार आहे, नुसती खरखर येते." भाऊ, भंगार काही नाहीये, तुमची फाइल अनसाइन्ड आहे! पीसीवरची 8 बिट वेव्ह फाइल 0 ते 255 मोजते, म्हणजे तिची शांतता 128 वर. अमिगाची पॉला ही आवाजाची चिप मोजते -128 ते 127, तिची शांतता 0 वर. तुम्ही फाइल तशीच उचलून आत टाकली, प्रोट्रॅकरनं ती रॉ, म्हणजे नुसते कच्चे आकडे समजून घेतली, आणि 128 चं झालं -128. म्हणजे शांतता गेली थेट तळाला.

आकडे नको असतील तर कान लावा. आमच्याकडे गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या काठावर, पथकाचा सराव चालतो, तिथे मोबाइलवर एक ठोका रेकॉर्ड केलाय. टिपरू पडतं, धम्म होतं आणि मग ती घुमणारी शेपटी हळूहळू विरते. अनसाइन्ड फाइलमध्ये बरोबर उलटं ऐकू येतं, ठोका कसाबसा ओळखू येतो आणि शेपटी जशी विरायला लागते तशी खरखर वाढत जाते. जिथे आवाज सगळ्यात कमी, तिथेच सगळ्यात जास्त कर्कश. हे ऐकू आलं की सॉफ्टवेअरला शिव्या घालायच्या नाहीत.

आणि कानावर पण विश्वास नसेल तर स्क्रीन बघा. नीट फाइलची रेघ मधोमध असते. बिघडलेलीत मधला भाग रिकामा आणि सगळी गर्दी वरच्या-खालच्या कडेला चिकटलेली. एवढं दिसलं की परत पीसीवर जा.

पीसीवर काय करायचं, तर ऑडॅसिटी हे ऑडिओ एडिटर उघडा. मोनो करा, नॉर्मलाइझ करा (आवाज पूर्ण पातळीपर्यंत वाढवा), आणि हे 8 बिट करायच्या आधी हां, कारण नंतर 256 च पायऱ्या उरतात, बारीक आवाजाचं रेकॉर्डिंग असेल तर त्यातल्या चार-दोनच वापरल्या जातात आणि मग हिस येतो म्हणून मलाच विचारता. एक्सपोर्ट करताना अदर अनकॉम्प्रेस्ड निवडा, हेडर आयएफएफ (अमिगाचा फाइल प्रकार), एन्कोडिंग साइन्ड 8 बिट पीसीएम. साइन्ड. परत सांगतो, साइन्ड.

सॅम्पल रेट? पाल (आपल्याकडची टीव्ही पद्धत) मशीनवर प्रोट्रॅकरमध्ये सी-3 या सुराला 16,574 हर्ट्झ. तोच रेट ठेवा. एकानं 44,100 ची फाइल टाकून सी-3 ला वाजवली आणि म्हणे ढोल म्हशीसारखा हंबरतोय. हंबरणारच, अडीच पटीहून जास्त हळू वाजतोय तो. वर प्रोट्रॅकरमध्ये एका सॅम्पलला 64 केबीची मर्यादा, 44,100 ला दीड सेकंदात संपते, 16,574 ला जवळपास चार सेकंद मिळतात. ढोलाच्या एका ठोक्याला चार सेकंद म्हणजे चैन आहे.

"पूर्ण मिरवणूक टाकता येईल का" असं विचारणाऱ्या दादांना, नाही. 880 केबीची फ्लॉपी आहे ती.

आणि ज्यांनी सगळं बरोबर केलं तरी आवाज दबलेला येतोय म्हणताय, त्यांनी पॉवरचा दिवा बघा. ए-500 वर तो पूर्ण उजळलेला असेल तर लो-पास फिल्टर (वरचे तीक्ष्ण सूर कापणारा) चालू आहे. प्रोट्रॅकरमध्ये ई01 कमांड द्या, दिवा मंद होईल आणि टिपऱ्याचा कडक आवाज परत येईल.